महाराष्ट्राचे दोन अपराजित हंगाम

क्रिकेटच्या रणजी करंडकावर महाराष्ट्राने दोनच वेळा नाव कोरले, तेही लागोपाठ: 1939-40 आणि 1940-41. दोन्ही हंगामांत संघ एकदाही हरला नाही. महाराष्ट्र म्हणजे अर्थात मुंबई आणि विदर्भ वगळून. त्या दोघांचे संघ वेगळे. जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याचा एखादा मुलगा आज रणजीपर्यंत पोहोचला, तर तो महाराष्ट्राच्या संघाकडून खेळेल.

स्पर्धा 1934-35 मध्ये सुरू झाली होती. पहिली दोन विजेतेपदे मुंबईची, मग नवानगर, हैदराबाद आणि बंगाल. सामने बाद पद्धतीचे असल्याने एक पराभव झाला की हंगाम संपला. म्हणजे प्रत्येक विजेता अपराजितच असायचा. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचे तसे नव्हते. तिथे हरलेला संघही पुढचे सामने खेळत राही, म्हणून मिशिगनने 1901 मध्ये अकराही सामने जिंकून एकूण 550 विरुद्ध 0 गुण केले, त्याचे अप्रूप आजही आहे. रणजीत खरी मेख निराळीच होती. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा पुढे जाई. त्यामुळे जिंकण्याआधी धावांचा डोंगर रचणे भाग होते आणि महाराष्ट्राला ते साधले.

कर्णधार होते दि. ब. देवधर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक. 1939-40 मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध सांगलीच्या विजय हजारे यांनी नाबाद 316 धावा केल्या. रणजीतले हे पहिलेच त्रिशतक. त्याच डावात तळाचे फलंदाज नगरवाला यांच्यासोबत त्यांनी नवव्या गड्यासाठी 245 धावा जोडल्या. शेपटाने इतकी साथ द्यावी, हे प्रतिस्पर्ध्यांच्या दृष्टीने क्रूरच. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव झाला.

पुढच्या हंगामातली मुंबईविरुद्धची लढत मात्र अगदी काठावरची. पहिल्या डावात महाराष्ट्राच्या 675 धावा, मुंबईच्या 650. या पंचवीस धावांनी विजेतेपद वाचवले. महाराष्ट्राच्या धावांत देवधरांच्या एकट्याच्या 246 होत्या आणि ते तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते! या वयात बहुतेक खेळाडू कधीच निवृत्त झालेले असतात. अंतिम फेरीत मद्रासला त्यांच्याच मैदानावर सहा गडी राखून हरवले.

1941 नंतर हजारे बडोद्याकडून खेळू लागले आणि 1941-42 चा करंडक मुंबईने परत नेला. महाराष्ट्राने त्यानंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 मध्ये अंतिम फेरी गाठली. मुंबई, पंजाब आणि कर्नाटक यांच्याकडून अनुक्रमे हार पत्करली.