‘स्टारड्यू व्हॅली’तील शेळीचे चीज : मूल्यवर्धनाचे स्वरूप

एरिक बॅरोन निर्मित ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) या शेतीविषयक व्हिडिओ गेममधील मूल्यवर्धनाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

या खेळात शेळीच्या साध्या दुधास २२५ सुवर्णमुद्रा मिळतात. चीज-यंत्रात खेळातील २०० मिनिटांत त्याचे ४०० मुद्रांचे चीज बनते. ते तळघरातील पिंपात १४ दिवस मुरविल्यास सर्वोच्च प्रतीचे होऊन त्याचे मूल्य ८०० होते. मात्र तळघर घराच्या तिसऱ्या विस्तारानंतरच लाभते.

खेळात दूध नासत नाही, आवक वाढल्याने भावही कोसळत नाही. प्रत्यक्ष पशुपालकास हे दोन्ही धोके पत्करावे लागतात. सारांश, मूल्यवर्धनासाठी केवळ कौशल्य पुरेसे नसून थांबण्याची ऐपतही आवश्यक असते.