‘प्राप्तिकर खात्यातून बोलतोय’ ऐकताच पैसे भरू नका!

तलासरी, प्रतिनिधी – भर दुपारी मोबाइल वाजतो. ‘तुमच्या पॅनवर मोठा व्यवहार आढळला आहे, कर थकलेला आहे, तासाभरात रक्कम भरली नाही तर वॉरंट निघेल,’ असे करड्या आवाजात सांगितले जाते. पॅन क्रमांक, जन्मतारीख अचूक उच्चारली जाते आणि भल्याभल्यांचे अवसान गळते. वास्तविक पॅन ठाऊक असणे हा अधिकारी असल्याचा पुरावा नव्हे. बँकेपासून कर्ज देणाऱ्या कंपनीपर्यंत पॅनची झेरॉक्स आपणच वाटत असतो.

या फसवणुकीचा मोठा कारखाना एकेकाळी आपल्याच लोहमार्गावर होता. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरवर छापे घालून सुमारे 770 जणांना ताब्यात घेतले. तेथील तरुण अमेरिकी धाटणीच्या इंग्रजीत तिकडच्या नागरिकांना ‘आयआरएस’ या करखात्याचे अधिकारी म्हणून दूरध्वनी करीत. अटकेची धमकी देत, दुकानातून गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावत व त्यावरील क्रमांक वाचून घेत. सरकार गिफ्ट कार्डाने कर कसा घेईल, हा साधा प्रश्न घाबरलेल्या माणसाला सुचत नसे. आता तीच युक्ती इकडे वापरली जाते. फरक इतकाच, की गिफ्ट कार्डाच्या जागी यूपीआय आले आहे.

भीती वाटते, कारण आपला कर खरोखरच थकला नाही ना, याची अनेकांना खात्री नसते. समजा, घोलवडच्या एखाद्या बागायतदाराच्या खात्यात चिकूच्या हंगामाचे काही लाख जमा झाले. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. मात्र त्याच्या जोडीला अन्य करपात्र उत्पन्न असेल, तर कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरले जाऊ शकते. चिकूच्या चिप्स करून विकल्यास तो व्यवसाय ठरू शकतो. हा घोळ सामान्य माणसाच्या डोक्यात असतोच. भामट्याला तो पुरेसा होतो.

खऱ्या खात्याची रीत निराळी आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून प्राप्तिकर खात्याच्या पत्रावर संगणकाने दिलेला ‘डीआयएन’ क्रमांक असावा, असा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा नियम आहे. अपवादात्मक प्रसंगी तो नसल्यास त्याचे कारण पत्रात नमूद करावे लागते. खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगिन न करताही नोटिशीची सत्यता पडताळता येते. करमागणीची नोटीस आली तरी रक्कम भरण्यास साधारणतः 30 दिवसांची मुदत असते, तासाभराची नव्हे. कर भरायचा तो त्याच संकेतस्थळावरून, स्वतःच्या पॅनवर, चलनाने. कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर किंवा बचत खात्यात कधीच नाही.

सगळेच संदेश खोटे असतात, असेही नाही. विवरणपत्रातील तफावतीबाबत खाते एसएमएस व ई-मेल पाठवते. म्हणून संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून पाहावे. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच हवा. ‘परतावा मंजूर, ओटीपी सांगा’ हा प्रकार तर सरळ खोटा आहे. परतावा पडताळलेल्या बँक खात्यात आपोआप जमा होतो. त्यासाठी पिन, ओटीपी कुणी मागत नाही.

महामार्गालगतच्या दुकानदारांना जीएसटीच्या नावानेही असेच धमकावले जाऊ शकते. केंद्रीय जीएसटी खात्याच्या समन्सवरही नोव्हेंबर 2019 पासून डीआयएन असतो व तो पडताळता येतो. छाप्यासाठी कोणी दारात आलेच, तर ओळखपत्र व सहीशिक्क्याचे अधिकारपत्र पाहण्याचा हक्क आपल्याला आहे. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारी ‘डिजिटल अरेस्ट’ मात्र कोणत्याही कायद्यात नाही.

पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. ती गोठविण्याची संधी पहिल्या काही तासांतच अधिक असते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, आलेला मोबाइल क्रमांक व संदेशाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत आणि नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.