शब्बाथशाळेतला एक प्रश्न

मी जन्माने वारकरी घरातला. गाव दिंद्रुड, जिल्हा बीड. पोटापाण्याचा उद्योग कॉलेजात मराठी शिकविण्याचा. असा मनुष्य रविवारी सकाळी ख्रिस्ती मुलांच्या शब्बाथशाळेत शेवटच्या बाकावर बसलेला पाहून कोणालाही नवल वाटेल. पहिल्या दिवशी माझे मलाच वाटले. पण तेथे दहा वर्षांच्या एका मुलाने असा काही प्रश्न विचारला, की मी थेट पस्तीसएक वर्षे मागे, दिंद्रुडच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. त्या प्रश्नाची ही हकीकत.

त्याचे असे झाले. माझी नोकरी अहिल्यानगरला, म्हणजे आमच्या तोंडी अजून बसलेल्या नगरला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी वर्गात शिकवीत असे. त्यातले ‘मंडळी’, ‘उपासना’, ‘पाळक’ हे शब्द आले, की कोशातला अर्थ सांगून पुढे सरकत असे. माझे एक सहकारी ख्रिस्ती समाजातले. ते एकदा चहा पिताना हसून म्हणाले, “सर, हे शब्द तुम्ही कोशात कशाला शोधता? रविवारी आमच्याकडे या. चालतेबोलते दाखवतो.” त्यांच्या वडील बहिणी गेली तीस वर्षे शब्बाथशाळेत शिकवीत आल्या आहेत. मुले त्यांना बाई म्हणतात, मी ताई म्हणतो.

शब्बाथशाळा म्हणजे रविवारची शाळा. तिचा जन्म मात्र निव्वळ धर्मशिक्षणासाठी झालेला नाही. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट राइक्स नावाचा एक वृत्तपत्राचा मालक होता. सहा दिवस मजुरी करणारी गरिबांची मुले सातव्या दिवशी रस्त्यावर हुंदडतात, हे पाहून त्याने १७८० मध्ये त्यांच्यासाठी रविवारी अक्षरओळखीचे वर्ग काढले. वाचावयास शिकवावयाचे आणि त्या वाचण्यातच बायबल. म्हणजे ही शाळा मुळात मजुरांच्या पोरांची. मिशनऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये ठाणे दिले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले आणि पुढे खास मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ मासिकही आले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर देशी चालींवर भजने रचून या मंडळीला तिच्या स्वतःच्या भाषेत गावयास लावले. नगरच्या मुलांच्या तोंडी आजही जी ख्रिस्ती गीते ऐकू येतात, त्यांतली कितीतरी टिळकांची.

मी गेलो त्या रविवारी पाठ होता नोहाचा. विषय, देवाची अभिवचने. हा ‘अभिवचन’ शब्द इतर मराठी माणूस क्वचितच वापरतो. आपण शब्द देतो, वचन देतो, पुढारी आश्वासन देतात. ख्रिस्ती मराठीने मात्र देवाने दिलेल्या शब्दासाठी हा वेगळा शब्द राखून ठेवला आहे. ताईंनी फळ्यावर रंगीत खडूंनी इंद्रधनुष्य काढले. जलप्रलय ओसरल्यावर देवाने नोहाला सांगितले, की पुराने पृथ्वीचा नाश मी पुन्हा करणार नाही, आणि खूण म्हणून मेघांत धनुष्य ठेवले, ही कथा त्यांनी रंगवून सांगितली. मुले माना डोलावीत होती.

तेवढ्यात मधल्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईबाप आमच्या बीडकडून नगरला बांधकामावर मजुरीला आलेले, हे मला मागाहून कळले. तो म्हणाला, “बाई, पुराचं देवानं कबूल केलं. पण दुष्काळाचं काय? आमच्या गावाला तर पूर येतच नाही.”

मुले हसली. मी हसलो नाही. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्या मुलखातला हा प्रश्न होता. ताईही हसल्या नाहीत. “पुढच्या रविवारी सांगते,” एवढेच म्हणाल्या आणि पर्समधून एक लहान वही काढून तीत काहीतरी लिहून ठेवले. मला वाटले, झाले! मास्तर लोकांची ही जुनी युक्ती. उत्तर येत नसले की पुढचा तास. मी स्वतः ती किती वेळा वापरली आहे!

पण घरी आल्यावर मला चैन पडेना. मला माझी फाट्यावरची होळी आठवू लागली.

आमचा मुलूख ऊसतोड्यांचा. दसरा झाला की मुकादमाची उचल घरात येते, आणि दिवाळीच्या सुमारास ट्रक भरभरून माणसे कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजणी हत्याराने करणारा धंदा जगात दुसरा असला तर मला ठाऊक नाही. १९८९ च्या दिवाळीनंतर माझे मायबापही असेच गेले. मी नऊ वर्षांचा होतो. शाळा बुडू नये म्हणून मला आजीजवळ ठेवले. ट्रकमध्ये चढताना दादा म्हणाले, “होळीला येतो. येताना तुला दप्तर आणतो.”

मी भिंतीवर कोळशाने रेघा ओढून दिवस मोजले. होळीच्या दिवशी सकाळपासून फाट्यावर जाऊन बसलो. ट्रक आले, गेले. आमचा आला नाही. संध्याकाळी आजी शोधीत आली आणि मला उठवून म्हणाली, “येतील रे लेकरा. देव हाय ना.” पाडवा गेला, रामनवमी गेली. अखेर चैत्र सरत आला तेव्हा ते दोघे आले. दादांच्या हातात खाकी कापडाचे नवे दप्तर होते. मी ते घेतले आणि त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही. ‘देव हाय’ म्हणणाऱ्या आजीवरही रुसलो. आमच्याकडे म्हण आहे, लबाडाघरचे आवतण जेवल्याशिवाय खरे नाही. मी मनातल्या मनात ती माझ्या बापाला लावली, आणि त्याच्याबरोबर पांडुरंगालाही.

कारखान्याचा पट्टा कधी पडतो हे दादांच्या हाती नव्हते, उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडीत नसे, हे सारे मला पुष्कळ मागाहून कळले. दादांनी दप्तराचा शब्द पाळला होता. चूक एवढीच, की जी तारीख त्यांच्या मुठीत नव्हती तिचाही शब्द त्यांनी दिला होता. पोराने रडू नये म्हणून दिला होता. आता मी बाप झाल्यावर ते समजते. तेव्हा मात्र आत काहीतरी तुटले ते तुटलेच.

पुढच्या रविवारी मी वेळेआधीच जाऊन बसलो. ताई उभ्या राहिल्या आणि त्या मुलाचे नाव घेऊन म्हणाल्या, “तुझा प्रश्न बरोबर आहे. मी आठवडाभर वाचलं. दुष्काळ कधीच पडणार नाही, असं अभिवचन देवानं कुठंही दिलेलं नाही. जे त्यानं दिलं नाही, ते दिलं म्हणून मी तुला सांगणार नाही.”

वर्ग चिडीचूप झाला. मग त्या म्हणाल्या, की नोहाच्याच कथेत, धनुष्याच्या थोडे आधी, पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी यांचा क्रम बंद पडणार नाही, असा शब्द आहे. पण अमुक गावी दरसाल पाऊस पडेल असा नाही. दुष्काळ देवाच्या भक्तांनाही चुकला नाही. अब्राहाम दुष्काळामुळेच मिसर देशात गेला. योसेफाच्या काळी सात वर्षे सुकाळ आणि सात वर्षे दुष्काळ आला. तेव्हा देवाने आकाशातून धान्य टाकले नाही, आधी सावध केले, आणि कोठारे माणसांनी भरली. मग त्यांनी नामी आणि रूथ यांची कथा सांगितली. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचे घर. त्या भाकरीच्या गावातच दुष्काळ पडला, आणि नामी नवऱ्याला व दोन मुलांना घेऊन परमुलखात, मवाबात, पोट भरावयास गेली. तेथे तिचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. ती परतली तेव्हा नुसती विधवा सून बरोबर होती, आणि गावात सातूच्या कापणीला नुकता आरंभ झाला होता. रूथने दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला जगविले.

“सरवा आमची आजी पण वेचती,” तो मुलगा म्हणाला.

“मग तुला ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त कळली,” ताई म्हणाल्या.

त्या दिवशी परतताना मी त्यांना विचारले, “ताई, मुलांना विश्वास शिकवायचा, आणि तुम्ही तर अभिवचनातली कलमे काटेकोर मोजून देता. त्यांचा विश्वास डळमळणार नाही का?” त्या म्हणाल्या, “सर, जास्तीचं कबूल केलं की मगच डळमळतो. प्रार्थना केली की आजी बरी होईल, असं मी नवी असताना एका मुलीला सांगून बसले होते. आजी गेली. ती मुलगी पुन्हा वर्गात आली नाही. देवानं तिला फसवलं नव्हतं, मी फसवलं होतं. देव मुलांना दिसत नाही, मी दिसते. माझा शब्द पडला की त्यांच्या लेखी त्याचाही पडतो.” ती लहान वही त्यांनी मला दाखविली. तीत फक्त मुलांना दिलेले शब्द होते. कोणाला चित्र आणून देईन, कोणाच्या घरी येईन, कोणाच्या प्रश्नाचे उत्तर देईन. पुरा झाला की त्यावर रेघ.

मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालांत गेली. तीर्थे, व्रते, अनुष्ठाने करकरून उपाशी राहिलेली ती मुलगी पुढे ख्रिस्ती झाली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली आणून तिने केडगावच्या ‘मुक्ती’त त्यांना आसरा दिला. ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्यूलरप्रमाणे देवावर भार टाकून संस्था चालवावयाची, हा तिचा बाणा. पण त्याच रमाबाईंनी केडगावी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले. ज्या लेकरांचे सारे जग शब्द मोडून गेले होते, त्यांना अभिवचनाचा अर्थ केवळ सांगून कसा पटावा? रोजची भाकरी वेळेवर पानात पडू लागली, तेव्हाच पटावयाचा.

आणि मौज अशी, की हेच माझी आजी मला लहानपणी सांगत होती. मीच ऐकले नव्हते. तिची आवडती कथा पुंडलिकाची. आईबापांची सेवा चालली आहे, जरा थांब, म्हणून पुंडलिकाने वीट फेकली, आणि देव तीवर उभा राहिला तो अठ्ठावीस युगे तसाच. “माणसानं थांब म्हनलं अन् देव थांबला,” आजी म्हणे, “मग आपुन नगं का थांबाय?” इकडे देवाच्या शब्दासाठी अब्राहाम पंचवीस वर्षे थांबतो, तिकडे माणसाच्या शब्दासाठी देव थांबतो. दोन घरांच्या दोन कथा. पण शब्दाची किंमत दोन्ही घरी सारखीच.

गेल्या दिवाळीत मी दिंद्रुडला गेलो होतो. माझा चुलतभाऊ आणि त्याची बायको ट्रकची वाट पाहत बोचकी बांधून बसले होते. हल्ली मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना असते. पण त्यांची मुलगी माझ्या थोरल्या चुलतीजवळ राहणार होती. तिने विचारले, “कवा येताल?” भाऊ म्हणू लागला, “होळीला...” मी त्याचा हात दाबला. त्याने माझ्याकडे पाहिले. मग तो मुलीला म्हणाला, “कारखाना बंद झाला की येऊ. तारीख मला ठाव न्हाई. पर दर रविवारी फोन करीन.”

मुलगी रडली. होळी म्हटले असते तर कदाचित रडली नसती. मला भरून आले आणि भरात मीही बोलून गेलो, “मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन.”

डिसेंबरात गेलो. जानेवारीत परीक्षेचे पेपर तपासण्याचे काम आले आणि गेलो नाही. फोन करावयाचेही सुचले नाही. फेब्रुवारीत गेलो तेव्हा चुलतीने सांगितले, की पोरगी त्या रविवारी दिवस मावळेपर्यंत फाट्यावर बसली होती. त्याच फाट्यावर! भावाचा फोन मात्र एकही रविवार चुकला नव्हता. आणि त्याला शहाणपण शिकविणारा मी एम.ए.!

मी मुलीजवळ बसलो. सबब सांगणार होतो, ती गिळली. “माझं चुकलं,” म्हणालो. “मार्चात येईन. त्यापुढचं मार्चात सांगेन.”

ती म्हणाली, “बघू.”

परतताना बीडच्या स्टँडवर मी एक लहान वही विकत घेतली. तिच्यात पहिली ओळ त्या मार्चाची आहे. तिच्यावर रेघ पडली आहे, आणि त्यानंतरच्या तीन ओळींवरही. भाऊ आणि वहिनी एप्रिलात परत आले. यंदा दिवाळी झाली की ट्रक पुन्हा येईल, आणि मुलगी पुन्हा विचारील. आपण काय कबूल करावयाचे आणि काय नाही, हे मी आणि भाऊ या खेपेला आधीच बसून ठरविणार आहोत.