लिटिल चॅम्प्स सध्या काय करतात?

झी मराठीच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चं ते पर्व आठवतंय? २००९ साली आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. मला मात्र जास्त कौतुक त्याच पर्वातल्या लातूरच्या रोहित राऊतचं. घराघरांत ओळख झाल्यावरही तो 'इंडियन आयडॉल ११'मध्ये साधा स्पर्धक म्हणून उतरला आणि २०२० मध्ये उपविजेता ठरला. नाव झाल्यावर पुन्हा परीक्षकांसमोर उभं राहायला जिगर लागते राव! त्यांच्यासोबतची आर्या आंबेकर 'ती सध्या काय करते' या चित्रपटात (२०१७) चक्क नायिका झाली. २०२१ मध्ये त्या पर्वाचे पाचही अंतिम स्पर्धक 'लिटिल चॅम्प्स'मध्येच ज्युरी म्हणून बसले. आणि त्यांच्यातलीच, सूत्रसंचालक पल्लवी जोशींची 'लिटिल मॉनिटर' मुग्धा वैशंपायन? तिनं डिसेंबर २०२३ मध्ये 'मोदक' या टोपणनावाच्या सहस्पर्धक प्रथमेश लघाटेशी लग्न केलं!