आधीचा की नंतरचा? गोष्ट ऑक्सिजन सेन्सरची

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहिताना थोडी धाकधूक आहेच. पण हा विषय मी पहिल्यांदा समजावून सांगितला तो मराठीतच, माझ्या मामाला. तर गाडीतला ऑक्सिजन सेन्सर करतो काय, दोनांपैकी कुठला बिघडलाय हे कसं ओळखायचं आणि तो बदलायचा कसा, याबद्दल हा लेख.

मामा राहतो तेरखेड्याला. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, सोलापूर-धुळे हायवेवरचं गाव. तेरखेडा म्हटलं की फटाके, म्हणून सुरुवात फटाक्यापासूनच करते. फटाक्याच्या जुन्या काळ्या दारूत तीन वस्तू असतात : सोरा, गंधक आणि कोळसा. वजनाने साधारण ७५, १० आणि १५. म्हणजे चारांतले तीन भाग एकटा सोरा! सोरा स्वतः जळत नाही. तापला की तो ऑक्सिजन सोडतो आणि त्यावर बाकीचे दोघं जळतात. म्हणून कागदात घट्ट गुंडाळलेला फटाकासुद्धा वाजतो. आपला ऑक्सिजन तो डब्यात भरून घरूनच घेऊन आलेला असतो.

पेट्रोलला ही सोय नाही. त्याला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून घ्यावा लागतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर मिश्रण 'रिच' होतं : पेट्रोल वाया जातं, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा जास्त झाली तर मिश्रण 'लीन' होतं, इंजिन अडखळतं. कारखान्यात दारू तागडीवर तोलता येते, पण इंजिनात मिनिटाला हजारो वेळा होणारा स्फोट तोलणार कोण? म्हणून इंजिनिअर लोकांनी उलट युक्ती केली. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघायचं आणि त्यावरून पुढच्या पेट्रोलचं माप ठरवायचं. ताटात किती उरलं ते बघून आई दुसऱ्या दिवशीचा भात ठरवते, तसंच!

हे बघण्याचं काम ऑक्सिजन सेन्सर करतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची टोपी असते. टोपीच्या बाहेर धूर, आत स्वच्छ हवा. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. आत-बाहेरच्या ऑक्सिजनमध्ये फरक जास्त, तर व्होल्टेज जास्त. मिश्रण रिच असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१-०.२. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हे वाचतो आणि पेट्रोल कमी-जास्त करतो. चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज सतत वर-खाली नाचत असतं ते यामुळेच. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे १४.७ चा आकडा १३.५ च्या आसपास येतो. तरी ईसीयूला जुळवून घेता येतं, कारण सेन्सर पेट्रोलची जात विचारत नाही, फक्त उरलेला ऑक्सिजन सांगतो.

हा सेन्सर बॉश कंपनीने बनवला आणि १९७६ मध्ये तो पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत बसला. शिसं या सेन्सरचं विष आहे. आपल्याकडे शिसं असलेलं पेट्रोल देशभर बंद झालं ते २००० साली. पुढे १ एप्रिल २०१० ला भारत स्टेज ४ ज्या तेरा शहरांत लागू झालं त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आमचं सोलापूरही होतं. सगळ्या देशात ते १ एप्रिल २०१७ ला आलं आणि स्टेज ६ १ एप्रिल २०२० ला. त्यामुळे आज आपल्या कॉलेजच्या पार्किंगमधल्या बहुतेक नव्या बाइकलासुद्धा हा सेन्सर आहे. तेव्हा 'माझ्याकडे कुठे कार आहे' म्हणून पान उलटू नका!

आता मामाची गोष्ट. मामा पेट्रोल व्हॅनमधून शाळेची पोरं ने-आण करतो. गेल्या पावसाळ्यात व्हॅनच्या मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. शहरातल्या एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला, साडेचार हजार घेतले. चार दिवसांनी दिवा परत हजर. मग तिथेच सांगण्यात आलं की आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलावा लागेल. तो आकडा ऐकून मामा गप्पच झाला. तेवढे पैसे म्हणजे पोरांच्या फीचे पैसे. आणि व्हॅन उभी राहिली तर शाळा दुसरी गाडी बघणार.

मी सुट्टीला गेले तेव्हा मामाने पावती दाखवली. कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं 'पी ०१४१'. मित्राकडून आणलेला छोटा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावला. तोच कोड आला. त्याचा अर्थ इंटरनेटवर बघून मी वाचला : बँक १, सेन्सर २, हीटर सर्किट.

"बँक? हप्ते भरतो ती?" मामा म्हणाला. "तिनं पण दिवा लावला का माझ्या नावानं?"

तर बँक म्हणजे सिलेंडरची रांग. व्ही आकाराच्या इंजिनात दोन रांगा असतात, आणि ज्या रांगेत एक नंबरचा सिलेंडर ती बँक १. आपल्याकडच्या तीन-चार सिलेंडरच्या साध्या गाड्यांत सिलेंडर एकाच ओळीत, त्यामुळे बँक एकच. तिथे कुणी 'बँक २ चा सेन्सर गेला' म्हणालं तर सावध व्हा! सेन्सर १ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, इंजिनाजवळचा. सेन्सर २ म्हणजे कन्व्हर्टरच्या नंतरचा, सायलेन्सरकडचा. मामासाठी मी नावं ठेवली 'आधीचा' आणि 'नंतरचा'. आधीचा पेट्रोलचं माप ठरवायला मदत करतो. नंतरचा मुख्यतः कन्व्हर्टर काम करतोय की नाही यावर नजर ठेवतो, म्हणून त्याचं व्होल्टेज बरंचसं स्थिर असतं. तोही आधीच्यासारखा नाचू लागला तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायचा.

कोडचे आकडेही याच हिशोबाने आहेत. पी ०१३० ते ०१३५ आधीच्याचे, पी ०१३६ ते ०१४१ नंतरच्याचे. कन्व्हर्टरबद्दलची तक्रार पी ०४२०, आणि तो कोड व्हॅनमध्ये नव्हताच. मामाने बदललेला सेन्सर कुठला होता? आधीचा! तक्रार नंतरच्याची आणि बदली आधीच्याची. पावतीवर उत्तर लिहिलेलं होतं, फक्त मामाला वाचता येत नव्हतं.

तरी कोड आला म्हणून लगेच नवा सेन्सर आणायचा नाही. आधी तपासायचं. सेन्सरला बहुधा चार वायर असतात. एकाच रंगाच्या दोन वायर हीटरच्या, कारण थंड सेन्सर काम करत नाही, त्याला लवकर तापवावं लागतं. उरलेल्या दोन सिग्नल आणि अर्थच्या. बॉशच्या सेन्सरला हीटरच्या दोन्ही पांढऱ्या, सिग्नलची काळी, अर्थची राखाडी. डेन्सोच्या सेन्सरला मात्र हीटरच्या दोन्ही काळ्या, सिग्नलची निळी, अर्थची पांढरी. म्हणजे एकाचं काळं ते दुसऱ्याचं काळं नव्हे. लोकल सेन्सर वायर जोडून बसवताना हे विसरलात तर नवा सेन्सरही गेलाच समजा.

हायवेवरच्या मिस्त्रीकाकांकडे जाऊन आम्ही नंतरच्या सेन्सरचा कनेक्टर सोडवला. हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावला. थंड असताना तिथे साधारण २ ते १५ ओहम दिसायला हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे हीटरची तार आत तुटलेली. गाडीकडून येणारे १२ व्होल्ट मात्र व्यवस्थित होते, म्हणजे फ्यूज आणि वायरिंग ठीक. आता नवा सेन्सर आणायला हरकत नव्हती.

बदलण्याची पद्धत अशी. गाडी पक्की आधारावर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. सायलेन्सर किंचित कोमट असताना सेन्सर सहज सुटतो, पण गरम असताना हात भाजतो. सेन्सर जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून थोडं थांबा. बहुतेक सेन्सरला २२ नंबरचा पाना लागतो. वायर जाण्यासाठी फट असलेला गोटी पाना मिळाला तर फारच छान. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा कंपनीचीच पेस्ट असते. नसेल तर अगदी थोडी फक्त आट्यांवर लावा, टोकाला लागू देऊ नका. हाताने आटे बसवून मग साधारण ४० न्यूटन-मीटरने आवळा, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका, कारण बऱ्याच सेन्सरची आतली हवा वायरींच्या वाटेनेच येते. वायर जुन्याच क्लिपमध्ये, सायलेन्सरपासून लांब. हातातून पडलेला सेन्सर वापरू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं. शेवटी स्कॅनरने कोड पुसून गाडी फिरवून आणा.

मिस्त्रीकाकांनी सगळं अर्ध्या तासात केलं. संध्याकाळी येरमाळ्यापर्यंत चक्कर मारली, दिवा लागला नाही. नंतर दोन महिने मी दर रविवारी फोनवर विचारत होते, अजून लागलेला नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सेन्सर हा साक्षीदार आहे, दरवेळी गुन्हेगार नसतो. पी ०१७१, म्हणजे 'मिश्रण लीन' असा कोड आला तर सेन्सर बहुधा खरंच बोलत असतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं!

तेव्हा दिवा लागला तर गॅरेजमध्ये तीन गोष्टी विचारा. कोड कुठला? सेन्सर आधीचा की नंतरचा? मल्टिमीटरने तपासला का? आणि जुना भाग परत मागून घ्या. हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. मामा आता स्टँडवरच्या बाकीच्या ड्रायव्हरांनाही हेच तीन प्रश्न शिकवतो, आणि 'बँक'चा विनोद स्वतःच्या नावावर खपवतो.