प्रेफरन्स फॉर्म भरण्याआधी ओपीडीत जाऊन या!

नीटचा निकाल लागला की घरोघरी एक जिना उभा राहतो. सगळ्यात वर एमबीबीएस, त्याखाली बीडीएस, मग बीएएमएस, बीएचएमएस आणि अगदी तळाला ‘काहीच नाही तर फिजिओ तरी कर!’ क्लासचे सर, काका, बिल्डिंगमधला एमबीबीएसला लागलेला दादा, सगळे तुम्हाला हाच जिना दाखवतात. तुमचा स्कोअर ज्या पायरीवर थांबला, तिथे तुम्हाला बसवून मोकळे होतात. पण हा जिना बांधलाय कटऑफवरून. त्या पायरीवर बसलेला माणूस सकाळी नऊ ते पाच नेमकं काय करतो, याचा पत्ता त्यावरून लागत नाही.

राज्याच्या सीईटी सेलकडे नीटच्या स्कोअरवर एमबीबीएसशिवाय बीपीटीएच, बीओटीएच, बीएएसएलपी, बीपीओ असेही कोर्स असतात. पहिला म्हणजे फिजिओथेरपी, एवढं माहीत असतं. बाकीचे बरेच जण फॉर्ममध्ये कसेही वरखाली टाकून देतात. म्हणून एक उदाहरण घेऊ. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले एक आजोबा आहेत. उजवी बाजू लुळी पडलीय, शब्द सापडत नाहीत. फिजिओथेरपिस्ट त्यांना आधी पलंगावर तोल सांभाळून बसायला, मग उभं राहायला, चालायला शिकवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा प्रश्न वेगळा असतो. आजोबांना स्वतःच्या हाताने घास घेता येईल का? सदऱ्याची बटणं लावता येतील का? बाथरूममध्ये धरायला दांडा कुठे बसवायचा? बीएएसएलपी झालेली थेरपिस्ट त्यांचं बोलणं परत आणायला मदत करते आणि पाणी पिताना ठसका लागू नये म्हणून गिळण्याचा सरावही करून घेते. चालताना पाऊल लोंबत असेल तर मापं घेऊन पायाला आधार बनवतो तो बीपीओवाला, म्हणजे प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स शिकलेला. आणि रात्री तीन वाजता आजोबांची कूस बदलणारी, सलाईनवर लक्ष ठेवणारी असते नर्स. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे आणि त्याची सीईटी वेगळी असते, हेही लक्षात असू द्या.

पेशंट एक, डिग्र्या पाच. यातलं कुठलं काम रोज करायला आवडेल, हा प्रश्न स्वतःला विचारा. वर्कशॉपमध्ये रमणाऱ्या मुलाला बीपीओ भारी वाटेल. पण फिजिओमधलं तेच ते व्यायाम करून घेणं त्याला कंटाळवाणं होईल. लहान मुलांमध्ये बसायचा पेशन्स असेल तर ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपी बघा. ही कालपरवा आलेली फॅडंही नाहीत. ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं स्कूल १९५० साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये सुरू झालं. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी ते उभं केलं.

आता ‘युनिव्हर्सिटी कुठली घेऊ?’ हा प्रश्न. महाराष्ट्रात तो जरा फसवा आहे. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. अभिमत विद्यापीठं वगळली तर राज्यातली बहुतेक मेडिकल, नर्सिंग, फिजिओची कॉलेजं त्यालाच जोडलेली आहेत. सिलॅबस तोच, डिग्रीवरचं विद्यापीठही तेच. फरक पडतो तो कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलमुळे. काही कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल असतं, काहींचं दुसरीकडे टाय-अप असतं. ज्या ओपीडीत पेशंटच नाहीत, तिथे तुम्ही वर्षानुवर्षं एकमेकांच्याच गुडघ्यांवर प्रॅक्टिस करणार!

तेव्हा फॉर्म भरण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्या ओपीडीत जाऊन बाकावर बसा. किती पेशंट येतात ते बघा. इंटर्न्स चहाला बाहेर पडले की गाठा आणि विचारा: पेशंट हाताळायला कितव्या वर्षी मिळाले? शिकवायला सीनियर असतात की सगळं ज्युनियरवर सोपवलेलं असतं? स्टायपेंड मिळतो का? वेबसाइटवरच्या चकाचक लॅबच्या फोटोंपेक्षा या दहा मिनिटांत जास्त कळेल. मुंबईत असाल तर बांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (बीएएसएलपीसाठी) आणि हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन (बीपीओसाठी) नक्की बघा. दोन्ही केंद्र सरकारच्या आहेत.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून तपासायची: मान्यता. नर्सिंगसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिल, बीएएसएलपी आणि बीपीओसाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, फिजिओ आणि ऑक्युपेशनलसाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. लॅब, रेडिओलॉजी, ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी अशा कोर्सेससाठी २०२१ मध्ये केंद्राने कायदा करून राष्ट्रीय आयोग नेमला. ‘पॅरामेडिकल, १०० टक्के जॉब’ असा बोर्ड लावलेल्या क्लासला आपलं रजिस्ट्रेशन नेमकं कुठल्या परिषदेत होणार, एवढंच विचारा. उत्तर गोलगोल आलं तर घरी या.

पैशांचंही उघड बोलू. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर बघायला मिळते. अभिमत विद्यापीठं या चौकटीत येत नाहीत. मुलींसाठी तर हा फरक फारच मोठा आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. ‘कोट्यातून लगेच सीट कन्फर्म करतो’ म्हणणाऱ्या एजंटला होकार देण्याआधी हे गणित आईबाबांसमोर कागदावर मांडा.

आणि हो, नावापुढे ‘डॉ.’ लागणार का, यावरून कोर्स निवडू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. हा वाद चालूच राहील.

सीट लागल्यावरची घाई वेगळीच असते. कॉलेजच्या ऑफिसात एक ‘स्टेटस रिटेन्शन’चा फॉर्म पुढे सरकवला जातो. तो भरला की मिळालेली सीट पक्की होते, पण पुढच्या राउंडमधून तुमचं नाव बाहेर पडतं. त्यामुळे तो टेबलाशी उभ्याउभ्या भरू नका. सीईटी सेलची माहितीपुस्तिका घरी नीट वाचा, वरच्या प्रेफरन्सचं कॉलेज अजून हवंय का ते ठरवा आणि मगच सही करा.