कडबा कोण पचवतो?

सोलापूर जिल्ह्यात रब्बीच्या ज्वारीची काढणी झाली, की जागोजागी कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. पुढे कित्येक महिने हाच गुरांचा मुख्य चारा. विद्यार्थी मित्रांनो, कडब्यात सेल्युलोज भरपूर असते. पण ते पचवणारे विकर गाय स्वतः तयार करू शकत नाही. मग कडब्याचे दूध होते तरी कसे?

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला, म्हणजे रोमंथिका, शंभर लिटरहूनही मोठा असू शकतो. त्यातील एक मिलिलिटर रसात सुमारे 1000 कोटी जीवाणू असतात! ते सेल्युलोज आंबवून आम्ले तयार करतात आणि गाईला ऊर्जा मिळते ती मुख्यतः या आम्लांपासूनच.

मात्र या व्यवहारात नुकसानही होते. काही सूक्ष्मजीव मिथेन वायू बनवतात. तो ढेकरांवाटे बाहेर पडतो व चाऱ्यातील सुमारे 6 टक्के ऊर्जा वाया जाते. पेंडीतील बरीच प्रथिनेही रोमंथिकेतच मोडून त्यांचा अमोनिया होतो.

हे नुकसान वनस्पतींच्या साहाय्याने कमी करता येईल का? हिरडा चावला की जीभ आखडल्यासारखी होते ना? हा टॅनिनचा प्रताप. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, तेही याच गुणामुळे. रोमंथिकेत टॅनिन पेंडीतील प्रथिनांना असेच धरून ठेवते. पुढे चौथ्या कप्प्यातील तीव्र आम्लात ही पकड सुटते आणि प्रथिने गाईला मिळतात. टॅनिनमुळे मिथेनही घटू शकतो. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी कमी होतो, असे 2021 साली जाहीर झाले.

मग गुरांना टॅनिनयुक्त पाला, शेंगा भरपूर घालाव्यात काय? मुळीच नाही! टॅनिन फार झाले, तर गुरे खाणे कमी करतात आणि कडबा पचवणारे जीवाणूही मंदावतात. शिवाय कडब्यात मुळातच प्रथिने थोडी. जनावर केवळ कडब्यावर असेल, तर तेवढीही टॅनिनने अडकवली म्हणजे जीवाणूंचीच उपासमार! अशा जनावराला आधी हिरवा चारा किंवा पेंड हवी. पूरक खाद्याचा विचार त्यानंतर, आणि तोही पशुवैद्यांच्या सल्ल्याने.

तुमच्या गावातील एखाद्या गाईला दिवसभरात काय काय घालतात, याची यादी करा. त्यातील प्रथिने कशातून येतात, हे शिक्षकांच्या मदतीने शोधून काढा.